पासवर्ड बरोबर होता

सकाळी सव्वानऊला फोन आला तेव्हा मी गंगापूर रोडवरच्या दुकानात एका प्रिंटरच्या पोटात हात घालून बसले होते.

"पासवर्ड काय ठेवलायस?"

नमस्कार नाही, कोण बोलतोय हेही नाही. नंबर मी कधीच काढून टाकला होता, पण आवाज विसरणं जमलं नव्हतं. दिंडोरीच्या अलीकडे द्राक्षांचं एक पॅकहाऊस आहे, तिथे मी तीन हंगाम कॉम्प्युटर ऑपरेटर होते. आवाज तिथल्या मॅनेजरचा होता. मालकाचा जावई. कामगार त्याला 'सायब' म्हणायचे. नोकरी सोडेपर्यंत तो मला 'तुम्ही' म्हणायचा, आता सरळ 'तू'वर आला होता.

"जाताना लिफाफ्यात सगळे पासवर्ड लिहून दिलेत," मी म्हटलं. "सही घेतलीय तुमची."

"ते चालत नाहीत."

"चुकीचा पासवर्ड म्हणून लाल अक्षरांत काही येतं का?"

"नाही. टाकला की स्क्रीन काळी होते आणि परत तिथंच येते. परत नाव विचारते, परत पासवर्ड विचारते. सकाळपासून तीस वेळा केलं."

"मग पासवर्ड बरोबर आहे."

"बरोबर आहे तर उघडत का नाही? मला शिकवू नकोस. तूच जाताना काहीतरी करून ठेवलंयस. अकरापर्यंत इथं दिसली नाहीस, तर पोलिसात जातो."

मी फोन ठेवला आणि पुन्हा प्रिंटर उघडला. मनात आलं, बसा तसेच. पेट्यांवर लेबल लागल्याशिवाय एक पेटी शीतगृहात जात नाही, आणि लेबल छापणारा प्रोग्रॅम फक्त त्या एका मशीनवर आहे. बागांच्या प्लॉटांची सगळी नोंदही तिथंच. द्राक्षं काय कुणाची वाट बघत नाहीत. मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. चांगलंच बरं वाटलं.

मी तिथून कशी निघाले ते आधी सांगते. गेल्या हंगामात एकदा दोनशे पेट्यांवर आदल्या दिवशीची तारीख छापली गेली. मी जेवायला गेले असताना त्याने स्वतः मशीनवर बसून तारीख बदलली होती. कुठल्याशा जुन्या मालाचं लेबल काढायला. परत बदलायचं विसरला. दोनशे पेट्या उघडून पुन्हा भराव्या लागल्या. तेव्हा तो हॉलमध्ये चाळीस बायकांसमोर मला म्हणाला, "तुम्हा लोकांना नोकऱ्या दिल्या की हे असं होतं."

"आम्हा लोकांना म्हणजे कुणाला?" मी विचारलं.

त्याने बायकांकडे एकदा बघितलं. "म्हणजे ऑपरेटर लोकांना."

हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं होतं तो काय म्हणाला ते. माझ्या गळ्यातल्या निळ्या दोऱ्यातलं लॉकेट त्याला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा आणि लिफाफा दिला आणि निघाले.

तर, पुन्हा त्या सकाळवर येते. दहा वाजता दुसरा फोन आला. पेठच्या डोंगराकडून दर हंगामाला येणाऱ्या टोळीतली एक मावशी होती. पॅकिंगच्या टेबलावर तिचा हात सगळ्यांत चपळ. मी तिथं असताना डब्यातली भाजी मला दिल्याशिवाय ती जेवत नसे.

"ताई, मशीन उघडत नाय म्हणं," ती हळूच बोलत होती. "आमी सकाळधरनं बसून हाय. सायब म्हणतो, माल खराब झाला तर आजची हजेरी नाय धरणार."

"तुमचा काय दोष त्यात?"

"आमचा दोष कधी असतो का ताई? पण धरतो ना आमालाच."

त्यानंतर मी स्कूटरची किल्ली घेतली. मावशीसाठी गेले असं मी बऱ्याच जणांना सांगितलं आहे, आणि ते खरंही आहे. पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं, की 'करून ठेवलंयस' हा शब्द मला त्याच्या तोंडावर खोटा पाडायचा होता.

फाटकावर वॉचमनने बॅग आणि मोबाइल मागितला. मी तिथं असताना रोज सकाळी मला 'जय भीम ताई' म्हणणारा माणूस. आज नजर जमिनीवर ठेवून म्हणाला, "सायबांनी सांगितलंय." मी दोन्ही दिलं.

ऑफिस म्हणजे पॅकिंग हॉलच्या कोपऱ्यातली काचेची केबिन. आत बसलं की सगळा हॉल दिसतो आणि हॉलला तुम्ही दिसता. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका रिकाम्या टेबलांपुढे हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. भिंतीकडेला द्राक्षांचे क्रेट एकावर एक रचलेले. गोड, थोडा आंबूस वास सुटायला लागला होता. केबिनमध्ये जावई उभा होता आणि त्याच्या शेजारी सुपरवायझर, पन्नाशीतला, मोबाइल समोर धरून.

"ही जे करेल ते सगळं रेकॉर्ड करायचं," जावई म्हणाला.

"करा," मी म्हटलं. "पहिल्यापासून करा. मध्ये थांबवू नका."

मी खुर्चीवर बसले. आधी मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकला. लाल अक्षरांत ओळ आली की पासवर्ड चुकला. मग बरोबर टाकला. स्क्रीन काळी झाली, एक सेकंद, दोन सेकंद, आणि पुन्हा तीच लॉगिनची चौकट.

"बघा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चुकला तर मशीन तसं सांगतं. दुसऱ्या वेळी त्याने पासवर्ड मान्य केला, आत घेतलं, आणि आत गेल्यावर काहीतरी मोडलं म्हणून बाहेर आणून सोडलं. मी पासवर्ड बदलला असता तर लाल ओळ आली असती."

"भाषण नको. चालू कर."

मी तीन बटणं एकदम दाबली. चित्रं गेली, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली.

"हे काय उघडलंस?"

"हेच मशीन आहे, चित्रांशिवाय. दुरुस्ती इथून करतात."

मी तिथं पॅकहाऊसचं नाव आणि तोच पासवर्ड टाकला. आत गेले. "गेले की नाही? तुमच्या लिफाफ्यातल्याच पासवर्डने." मी डिस्कवर जागा किती उरलीय ते पाहिलं. डिस्क भरली की मशीन असंच वागतं, पासवर्ड घेतं आणि बाहेर फेकतं. जागा भरपूर होती. मग कोणाकोणाची खाती या मशीनवर आहेत त्याची यादी काढली.

दोन ओळी आल्या. पहिलं पॅकहाऊसचं खातं. दुसरं माझं.

इथं मला थांबून खरं सांगायला हवं. ते खातं मी पहिल्याच हंगामात केलं होतं, दुरुस्तीसाठी. पॅकहाऊसच्या खात्यात बिघाड झाला तर आत शिरायला दुसरा रस्ता हवा, म्हणून. त्यात गैर काही नव्हतं. पण नोकरी सोडताना ते काढून टाकायला हवं होतं, लिफाफ्यात लिहायला तरी हवं होतं. मी दोन्ही केलं नाही. विसरले असं कुणी म्हटलं तर मला सोपं जाईल, पण मी विसरले नव्हते. त्या दिवशी बोट त्या बटणावर होतं आणि मी ते उचललं. त्या मशीनचं काही वाईट करायचं माझ्या मनात नव्हतं. त्या सायबाच्या राज्यात एक कोपरा असा राहावा की ज्याचा त्याला पत्ता नाही, एवढंच. राग माणसाला असल्या क्षुल्लक गोष्टीही करायला लावतो.

"हे काय?" तो स्क्रीनवर बोट ठेवून ओरडला. "तुझं नाव इथं कसं? हे रेकॉर्ड करा! नीट घ्या, नीट घ्या!" सुपरवायझरने मोबाइल स्क्रीनच्या अगदी जवळ नेला. "म्हणजे घरी बसून तू आमचं मशीन चालवतेयस!"

"बाहेरून इथं कुणालाच शिरता येत नाही. ते खातं..."

"पुसतेय ती! सगळा डेटा पुसतेय!"

आणि त्याने खाली वाकून मशीनची वायर ओढली.

पंखा थांबला. काचेपलीकडे चाळीस टोप्या आमच्याकडे वळल्या. माझ्या तोंडून जे निघालं ते इथं लिहीत नाही.

"चालू मशीनची वायर ओढतात?" मी उभी राहिले होते. "तीन वर्षांच्या प्लॉटांची नोंद आहे त्यात. आता फुटली असेल तर?"

"फुटली तर तुझ्यावर. तुझं नाव आहे आत."

"मग लावा फोन पोलिसांना. आत्ता लावा. मी इथंच बसते."

त्याने मोबाइल हातात घेतला, पण लावला नाही. मी वायर जोडली आणि मशीन चालू केलं. ते सरळ वर आलं नाही. डिस्क तपासतोय, अशी ओळ दाखवत एक-एक टक्का पुढे सरकायला लागलं. आम्ही तिघं त्या आकड्याकडे बघत उभे होतो. सुपरवायझरचा हात अवघडला तसा त्याने मोबाइल दुसऱ्या हातात घेतला.

आकडा साठ-पासष्टच्या घरात असताना मालक आले. बागेतून सरळ आले असावेत, बाह्यांवर फवारणीचे निळसर डाग होते. सत्तरीचा माणूस, मला नोकरी त्यांनीच दिली होती, आणि राजीनामा दिला त्या दिवशी ते नेमके लग्नाला गेले होते.

"मामा, सापडलं," जावई म्हणाला. "हिने आपल्या मशीनमध्ये स्वतःचं खातं ठेवलं होतं. चोरून. रेकॉर्डिंग आहे."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. "आहे का खातं?"

"आहे, काका."

"जाताना काढलं का नाही?"

"काढायला पाहिजे होतं. काढलं नाही. ती माझी चूक आहे."

"विसरलीस?"

"नाही."

त्यांनी स्क्रीनवरच्या आकड्याकडे बघितलं. मग म्हणाले, "त्या खात्यामुळं बंद पडलंय का हे?"

"नाही."

"कशावरून?"

"दाखवते. पण यांनी हात लावायचा नाही मशीनला."

"नाही लावणार," मालक म्हणाले आणि जावयाकडे न बघता स्टूल ओढून बसले.

डिस्क तपासून झाली. नशिबाने काही फुटलं नव्हतं. लॉगिनची चौकट आली, मी पुन्हा काळ्या पडद्यावर गेले आणि पॅकहाऊसच्या खात्यातल्या लपवलेल्या फाइलींची यादी काढली. डोळ्यांनी न दिसणाऱ्या पन्नासेक फाइली असतात तिथं. मी एकेक ओळ वाचत खाली आले आणि थांबले.

"काका, हे वाचा. लॉगिन झालं की स्क्रीनवर चित्र काढायची परवानगी या एवढ्याशा फाइलीत लिहिली जाते. प्रत्येक वेळी नव्याने. म्हणून ही फाइल पॅकहाऊसच्या नावावर पाहिजे. या बाकीच्या सगळ्या आहेत. आणि हिच्यापुढे नाव बघा."

"रूट," त्यांनी चष्मा वर करून वाचलं.

"रूट म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी. फाइल त्याच्या नावावर गेली, त्यामुळे पॅकहाऊसला आपल्याच घरातल्या फाइलीत लिहिता येत नाही. लिहिता आलं नाही की चित्र येत नाही आणि मशीन बाहेर आणून सोडतं."

"म्हणजे जमीन याची आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं."

"अगदी तसंच."

"नाव बदललं कुणी?"

सर्वाधिकाराने दिलेला प्रत्येक हुकूम मशीन एका वहीत लिहून ठेवतं. वही म्हणजे तीही फाइलच. मी ती उघडली, शेवटच्या पानावर गेले आणि मोठ्याने वाचलं. "काल दुपारी चार वाजून दहा मिनिटं. खातं पॅकहाऊसचं. सर्वाधिकाराने चित्रांचा पडदा सुरू केला. बाहेरून नाही, याच कीबोर्डवरून." मी खुर्ची फिरवली. "काल चार वाजता मी दुकानात होते. विचारून घ्या. इथं या खुर्चीवर कोण होतं?"

सुपरवायझरने मोबाइल हळूच खाली घेतला.

"वर धरा तो," मी म्हटलं.

"काल लाइट गेली होती," जावई शेवटी म्हणाला. "आल्यावर चालू केलं तर ही असलीच पांढरी अक्षरं. भाच्याला फोन केला, तो पुण्यात कॉम्प्युटरचं शिकतो. त्याने सांगितलं ते टाइप केलं. चालू झालं की! काल संध्याकाळपर्यंत लेबलं छापली आम्ही. मग त्यात काय एवढं?"

"कालचं कालपुरतं चाललं. सर्वाधिकाराने उघडलं म्हणून चाललं. पण तसं उघडताना फाइली त्याच्या नावावर गेल्या. मशीन बंद करून आज परत लावलं तेव्हा..."

"पण खातं तर हिचं होतं ना आत!"

"खात्याचा आणि याचा काही संबंध नाही," मी म्हटलं, आणि मला ते किती पोकळ वाटलं ते मलाच माहीत.

सकाळी मला फोन करताना त्याला कालचं आठवत होतं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. तीस वेळा तोच पासवर्ड टाकणाऱ्या माणसाला एकदाही वाटलं नसेल का, की आदल्या दिवशी आपण इथं काहीतरी वेगळं टाइप केलं होतं? की माझं नाव इतकं हाताशी होतं, की आठवायची गरजच पडली नाही?

मी ती फाइल पॅकहाऊसच्या नावावर केली आणि लॉगिनच्या चौकटीत आले. पासवर्ड टाकला. स्क्रीन काळी झाली.

आणि चौकट परत आली.

जावई हसला. मोठ्याने नाही, नाकातून. "झालं?"

तेवढ्या एका क्षणात माझी जी अवस्था झाली ती कुणाच्याही वाट्याला येऊ नये. काचेपलीकडे मावशी उठून उभी राहिली होती. मालक माझ्याकडे बघत होते, जावयाकडे नाही. इतकं सगळं बोलून, वही वाचून दाखवून, चौकट तशीच. मला क्षणभर वाटलं की खरंच माझ्या खात्यानेच काही घोळ घातला असेल. इतका त्या माणसाचा आवाज माझ्या डोक्यात शिरला होता.

मी परत काळ्या पडद्यावर गेले. या वेळी घाई केली नाही. चित्रांचा पडदा कोसळताना मशीन कुरकूर करतं, ती कुरकूरही लिहिलेली असते, ती वाचली. दुसऱ्या एका फाइलीत लिहिता आलं नाही, असं होतं. यादी पुन्हा काढली. मघाशी पहिली चुकीची ओळ सापडल्यावर मी पुढं वाचायचंच सोडलं होतं, जावयाला उत्तर द्यायच्या नादात. खाली आणखी एक फाइल रूटच्या नावावर होती, आणि सेटिंगचा एक अख्खा फोल्डर. मी या वेळी एकेक न करता घरातलं सगळंच्या सगळं पॅकहाऊसच्या नावावर केलं.

पासवर्ड टाकला. काळं. एक सेकंद. दोन. तीन. चार.

मग पडद्यावर हिरवा द्राक्षघड आला, मीच कधीतरी लावलेला, आणि खाली लेबलच्या प्रोग्रॅमचं चिन्ह. मी ते उघडून छपाई दिली, प्रिंटर गुरगुरला आणि सकाळपासून अडकून पडलेलं पहिलं लेबल बाहेर आलं. हॉलमध्ये कुणीतरी शिट्टी मारली. बायका उठल्या, क्रेट टेबलांवर यायला लागले. टाळ्या वगैरे काही नाही. त्यांना अर्धा दिवस भरून काढायचा होता.

मी मालकांना म्हटलं, "आता माझं खातं काढते, तुमच्यासमोर. बघा." ते काढलं. यादी पुन्हा दाखवली, एकच ओळ होती. "आणि लिहून ठेवा, लाइट गेल्यावर पांढरी अक्षरं आली तर बंद करून पाच मिनिटांनी चालू करा. नाही झालं तर जाणत्याला बोलवा. फोनवर कुणी सांगेल ते टाइप करू नका."

"झालं ना?" जावई म्हणाला. "मग निघ आता."

मालक माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले. वॉचमनने बॅग दिली, मोबाइल दिला.

"उद्यापासून ये," मालक म्हणाले. "जागा रिकामीच आहे. आलेली मुलगी पंधरा दिवसांत पळून गेली."

"तुमचे जावई माफी मागतील? हॉलमध्ये, बायकांसमोर? तारखेची आणि आजची, दोन्हीची?"

त्यांनी लांब बागेकडे बघितलं. "पोरी, घरातलं माणूस आहे ते."

"मग नाही येणार मी."

"तूही काही धुतल्या तांदळाची नाहीस," ते म्हणाले, रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं. मला त्यांचा त्या क्षणी जावयापेक्षा जास्त राग आला, कारण ते खरं बोलत होते आणि तरी सगळं खरं बोलत नव्हते.

चार दिवसांनी चांदवडच्या एका कांदा व्यापाऱ्याचा फोन आला. त्याच्याकडे मी दर महिन्याला मशीन बघायला जायचे. "ताई, या महिन्याला राहू द्या," तो म्हणाला. मी कारण विचारलं. तो आधी घुटमळला, मग त्याने मला पॅकहाऊसवाल्यांच्या ग्रुपवर फिरणारा एक व्हिडिओ पाठवला. बारा सेकंदांचा. काळा पडदा, त्यावर दोन ओळी, माझं नाव, आणि मागे आवाज: 'घरी बसून तू आमचं मशीन चालवतेयस!' मग माझा चेहरा. पकडल्यासारखा. खाली लिहिलं होतं, की पॅकहाऊसवाल्यांनी सावध राहावं, या बाईने आमचं मशीन लॉक केलं होतं, आणि पकडल्यावर तिनेच उघडून दिलं.

वायर ओढलेली त्यात नव्हती. वही नव्हती. रूट नव्हतं.

मी व्यापाऱ्याला पंधरा मिनिटं समजावलं. फाइल, सातबारा, चार वाजून दहा मिनिटं. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "पण ताई, नाव तर तुमचंच आहे ना त्यात?"

महिनाभरात दिंडोरीच्या बाजूची तीन कामं गेली. सुपरवायझरला फोन केला, पूर्ण रेकॉर्डिंग मागितलं. तो म्हणाला, मोबाइलमध्ये जागा नव्हती म्हणून पुसलं. मालकांना फोन केला. "तुमच्या ग्रुपवर एक ओळ टाका काका, खरं काय झालं ते." ते म्हणाले, "बघतो." मग म्हणाले, "लोक विसरतात गं." मग माझा फोन उचलणं त्यांनी बंद केलं. एप्रिलमध्ये, बागांची छाटणी चालू असताना, मी त्यांच्या प्लॉटवर गेले. ते बांधावर उभे होते. मला बघून वेलींच्या दोन ओळी पुढे सरकले आणि मजुरांशी बोलत राहिले. मी अर्धा तास उन्हात उभी राहिले. मग परत आले.

दुकानाच्या मालकाने मला काढलं नाही, एवढंच. पण बाहेरच्या कामावर पाठवताना तो आता पत्ता आधी स्वतः बघतो. लोकांच्या मशीनवर दुरुस्तीसाठी खातं करावं लागलं तर मी ते गिऱ्हाइकासमोर करते, समोर काढते आणि कागदावर सही घेते. गिऱ्हाइकं वैतागतात. वैतागू देत.

पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला मावशी दुकानात आली, मोबाइलची काच बदलायला. पेठकडची सगळी टोळी आली होती, पण यंदा त्या पॅकहाऊसला नाही, पलीकडच्या दुसऱ्याच ठिकाणी गेली होती. ऐकून मला भरून आलं. चाळीस बायका. त्या दिवशी त्यांनी काचेतून सगळं बघितलं होतं.

"त्या सायबाकडं गेला नाहीत ना," मी म्हटलं. "बरं केलंत, मावशी. माझ्यासाठी एवढं कुणी..."

तिला कळलं मी काय समजले ते, आणि ती लाजली.

"तुमच्यापायी नाय गं ताई," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू. तिथं संडासाला कडी नव्हती. तीन वर्सं सांगतो हाय. नव्या ठिकानी हाय."

मी तिची काच बदलून दिली. तिने मोबाइल उलटसुलट करून बघितला, पदरात गुंडाळला, आणि टोळीची गाडी सुटेल म्हणून घाईने निघून गेली.